रस्ता चालणाऱ्यांचाही : पादचारी व सायकलस्वारांच्या सुरक्षिततेचा विचार

शहरातील जवळजवळ प्रत्येक प्रवास पायी चालण्याने सुरू होतो आणि पायी चालण्यानेच संपतो. मोटारीने येणारा मनुष्यही वाहनतळापासून कार्यालयापर्यंत पादचारीच असतो. बसने अथवा लोकलने प्रवास करणाऱ्यांच्या दिवसाचा काही भाग तर थांब्यापर्यंत आणि थांब्यापासून चालण्यात जातो. असे असूनही 'रस्ता' हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर वाहनेच येतात. चालणारा मनुष्य हा रस्त्यावरचा पाहुणा, आणि तोही नको असलेला, अशी समजूत आपण नकळत करून घेतली आहे. या समजुतीची किंमत फार मोठी आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. याचा अर्थ दररोज सरासरी नव्वद माणसे केवळ चालताना किंवा रस्ता ओलांडताना प्राणास मुकली. याखेरीज सुमारे पाच हजार सायकलस्वारांचा बळी गेला. ही माणसे कोण होती? शाळेत जाणारी मुले, कामावर निघालेले मजूर, भाजी आणायला गेलेल्या गृहिणी, सकाळी फिरायला बाहेर पडलेले ज्येष्ठ नागरिक. त्यांच्याभोवती पोलादी सांगाडा नव्हता, आसनपट्टा नव्हता, हवेची पिशवीही नव्हती.

अशा अपघातानंतर 'तो मधूनच रस्ता ओलांडत होता' किंवा 'सायकलवाला अचानक आडवा आला' अशी वाक्ये हमखास ऐकू येतात. क्वचित ती खरीही असतात. परंतु माणूस घाई करतो, विसरतो, त्याचे लक्ष विचलित होते. मूल चेंडूमागे धावते. वृद्धाला वेगाचा अंदाज येत नाही. हा मनुष्यस्वभाव आहे आणि तो उपदेशाने बदलत नाही. म्हणूनच आधुनिक वाहतूकशास्त्र वेगळा प्रश्न विचारते : माणसाची एखादी चूक झाली, तरी त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, यासाठी रस्ता कसा असावा? स्वीडनच्या संसदेने ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीकारलेल्या 'व्हिजन झिरो' या धोरणाचे सारही हेच आहे. या लेखात त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

वेगाचे गणित

सर्व उपायांच्या मुळाशी वेग आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे ८ मीटर अंतर कापते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सुमारे १४ मीटर. समोर अडथळा दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, असे धरू. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर आणि ब्रेक सुस्थितीत असताना पहिली मोटार आणखी पाचेक मीटरांवर थांबते, तर दुसरीला आणखी जवळजवळ चौदा मीटर लागतात. म्हणजे एकूण अंतर पहिलीचे सुमारे १३ मीटर आणि दुसरीचे सुमारे २८ मीटर.

आता असे समजा, की या मोटारीच्या पुढे १४ मीटरांवर एक मूल रस्त्यात आले. पहिली मोटार त्याच्या अलीकडे थांबेल. दुसऱ्या मोटारीचा चालक मात्र ब्रेकला पाय लावण्याच्या क्षणीच मुलापाशी पोहोचलेला असेल. ती पूर्ण वेगाने आदळेल. वेगात फरक केवळ वीस किलोमीटरांचा, परंतु परिणामात जीवन-मरणाचा.

आघाताची तीव्रता वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. ताशी ३० किलोमीटर वेगाची धडक बसलेले बहुतेक पादचारी वाचतात. वेग त्यापुढे जसजसा वाढतो, तसतशी वाचण्याची शक्यता झपाट्याने घटत जाते. म्हणूनच पादचारी, सायकली आणि मोटारी जेथे एकत्र वावरतात, अशा रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असा आग्रह जागतिक आरोग्य संघटना धरते.

मात्र केवळ फलक लावून वेग कमी होत नाही. रुंद, सरळ आणि मोकळा रस्ता चालकाला वेग वाढवण्याचे निमंत्रणच देतो. मार्गिका अरुंद करणे, कोपऱ्यावरील वळण आखूड करणे आणि रस्ता ओलांडण्याची जागा पदपथाच्या पातळीपर्यंत उंचावणे, या उपायांनी वेग आपोआप आटोक्यात येतो. उंचावलेल्या पट्ट्यावर पादचाऱ्याला खाली उतरावे लागत नाही. उलट वाहनालाच चढावे लागते. ज्याला वेग आहे त्याने थोडे थांबावे, हा न्याय त्यात आहे.

पदपथ : रुंदी, उंची आणि अखंडता

भारतीय रस्ते महासभेने पादचारी सुविधांसाठी मार्गदर्शक मानके तयार केली आहेत. त्यांनुसार निवासी भागातील पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी जागा असली पाहिजे. चाकाच्या खुर्चीवर बसलेली एक व्यक्ती आणि तिच्या बाजूने जाणारी दुसरी व्यक्ती यांना पुरेल, एवढी ही रुंदी आहे. येथे 'मोकळी' हा शब्द महत्त्वाचा. पदपथ कागदावर दोन मीटर रुंद असेल, परंतु त्यात विजेचा खांब, वृक्षाचा पार, टेलिफोनची पेटी आणि दुकानाचा फलक असेल, तर चालणाऱ्याच्या वाट्याला अर्धा मीटरही उरत नाही.

दुसरी बाब उंचीची. पदपथाची कड १५० मिलिमीटरांहून उंच नसावी, असे मानक सांगते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी पदपथ फूटभर उंच बांधलेले आढळतात. गुडघेदुखीने त्रस्त असलेली व्यक्ती असे चढ-उतार टाळते आणि रस्त्याच्या कडेने चालू लागते. मग आपणच म्हणतो, 'पदपथ असूनही लोक रस्त्यावरून चालतात!'

तिसरी बाब अखंडतेची. प्रत्येक इमारतीच्या प्रवेशद्वाराशी पदपथ तुटतो आणि पुढे पुन्हा सुरू होतो. शंभर मीटर अंतरात पाच वेळा खाली उतरून पाच वेळा वर चढावे लागत असेल, तर तो पदपथ नव्हे, जिना झाला. प्रवेशद्वारापाशी पदपथाची पातळी कायम ठेवून वाहनांसाठी उतार देणे हा त्यावरील सोपा आणि अल्पखर्ची उपाय आहे.

पथारी व्यावसायिकांचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. त्यांना हटवणे एवढेच उत्तर नव्हे. त्यांच्याकडून खरेदी करणारेही पादचारीच असतात आणि त्यांच्या वावरामुळे रात्रीचा रस्ता निर्जन राहत नाही. चालण्याचा पट्टा मोकळा ठेवून त्यांच्यासाठी स्वतंत्र पट्टा आखून देणे, हाच समतोल मार्ग होय.

रस्ता ओलांडताना

पादचाऱ्यासाठी सर्वांत धोक्याचे क्षण रस्ता ओलांडण्याचे. सिग्नलची वेळ ठरवताना चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरण्याची प्रथा आहे. या हिशेबाने २४ मीटर रुंद रस्ता वीस सेकंदांत ओलांडता येतो. परंतु काठी टेकत चालणाऱ्या व्यक्तीचा वेग सेकंदाला ०.८ मीटर असेल, तर तिला तीस सेकंद लागतील. हिरवा दिवा विसाव्या सेकंदाला बंद झाला, तर त्या क्षणी ती अद्याप आठ मीटर मागे, म्हणजे वाहनांच्या ऐन प्रवाहात असेल. सिग्नलला दहा सेकंद वाढवून देणे किंवा मध्यभागी सुरक्षित थांबा देऊन रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येईल अशी सोय करणे, यांपैकी एक तरी उपाय प्रत्येक रुंद रस्त्यावर हवाच.

आपल्याकडे मात्र बहुधा पादचारी पूल किंवा भुयारी मार्ग हा उपाय निवडला जातो. शहरी रस्त्यावरील पुलाखाली वाहनांसाठी साडेपाच मीटर उंची सोडावी लागते. पुलाची जाडी धरून सुमारे सहा मीटर चढायचे म्हणजे साधारण चाळीस पायऱ्या वर आणि तितक्याच खाली. पंचवीस मीटरांच्या रस्त्यासाठी सत्तरीच्या माणसाकडून ही अपेक्षा करणे कितपत योग्य आहे? मुंबई महानगर प्रदेशात २००८ पासून स्कायवॉक उभारण्यात आले. रेल्वे स्थानकाच्या पुलाला थेट जोडलेल्या स्कायवॉकना वर्दळ लाभते, कारण प्रवासी आधीच उंचीवर असतो. जेथे रस्त्यावरून मुद्दाम चढून जावे लागते, तेथे लोक खालचीच वाट धरतात. तेव्हा द्रुतगती मार्गासारखे अपवाद वगळता माणसाला जमिनीवरूनच ओलांडू द्यावे आणि त्यासाठी वाहनाला थांबवावे, हेच तत्त्व शहराला शोभते.

पुण्याचा अनुभव

सायकलविषयी लिहिताना पुण्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. एके काळी 'सायकलींचे शहर' म्हणून या शहराची देशभर ख्याती होती. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील कामगार, महाविद्यालयीन विद्यार्थी, शिक्षक, कारकून, दूधवाले, सारेच सायकलवरून ये-जा करीत. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने गल्लोगल्ली होती. पुढे शहर पसरले, अंतरे वाढली, स्वयंचलित दुचाकी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली आणि रस्त्यांवरील वेग वाढला. वेग वाढला तशी सायकल असुरक्षित झाली. सायकलस्वार कमी झाले, तसा चालकांनाही त्यांचा विसर पडू लागला. हे चक्र एकदा सुरू झाले की ते स्वतःच्या बळावर फिरत राहते.

ते उलटे फिरवण्याचे प्रयत्नही पुण्याने केले आहेत. डिसेंबर २००६ मध्ये सुरू झालेल्या जलद बस मार्गाच्या प्रकल्पात रस्त्याच्या कडेला सायकल मार्ग बांधले गेले. परंतु त्यांतील अनेक ठिकाणी मार्ग मध्येच तुटलेला, कोठे वाहने उभी केलेली, तर कोठे थेट झाडाशी जाऊन संपणारा होता. सायकलस्वाराला दर काही मीटरांवर मुख्य रस्त्यावर उतरावे लागत असेल, तर तो पुन्हा मार्गावर चढण्याचे कष्ट घेत नाही. २०१६ मध्ये महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारले. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखड्याला मान्यता मिळाली. त्यात आठशे किलोमीटरांहून अधिक लांबीचे सायकल मार्गांचे जाळे कल्पिले होते. त्याच सुमारास भाड्याच्या सायकलींची योजनाही आली. पण काही वर्षांतच त्या सायकली दिसेनाशा झाल्या. सुरक्षित मार्गांचे जाळे पूर्ण होण्याआधी केवळ सायकली उपलब्ध करून दिल्याने परिवर्तन घडत नाही, हा त्यातला बोध.

यशाची उदाहरणेही आहेत. जंगली महाराज रस्त्याच्या काही भागात वाहनांची जागा कमी करून पदपथ रुंद करण्यात आला. बसण्यासाठी बाके आणि मुलांसाठी खेळणी आली. जेथे पूर्वी घाईघाईने निघून जावेसे वाटे, तेथे आता आजी-आजोबा आणि नातवंडे निवांत बसलेली दिसतात. तसेच २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांसाठी बंद ठेवून 'पादचारी दिन' साजरा होऊ लागला. एका दिवसाने वाहतुकीचा प्रश्न सुटत नाही हे खरे; तथापि वाहनांविना तीच बाजारपेठ कशी दिसते, हे हजारो नागरिकांना प्रत्यक्ष पाहता आले.

सायकल मार्ग कसा असावा

पुण्याच्या अनुभवावरून काही नियम सांगता येतात. ज्या रस्त्यावर वाहने वेगाने धावतात, तेथे केवळ रंगाचा पट्टा पुरेसा नाही. कड किंवा दुभाजक घालून मार्ग वेगळा करावा लागतो. तो पदपथावर मात्र नसावा, अन्यथा पादचारी आणि सायकलस्वार हे दोन दुर्बल घटक एकमेकांशीच भांडू लागतात. एक सायकल दुसरीला मागे टाकू शकेल, एवढी त्याची रुंदी असावी. गल्लीबोळांत आणि निवासी रस्त्यांवर स्वतंत्र मार्गाची गरज नसते. तेथे वाहनांचा वेग ताशी ३० किलोमीटरपर्यंत खाली आणणे पुरते.

चौकांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. सायकलस्वार सरळ जात असतो आणि त्याच्या उजवीकडची बस अथवा मालमोटार अचानक डावीकडे वळते. उंचावर बसलेल्या चालकाला अगदी निकटची सायकल दिसतच नाही. यासाठी सिग्नलपाशी सायकलींना वाहनांच्या पुढे थांबण्याची जागा आखून द्यावी, काही सेकंद आधी सुटण्याची मुभा द्यावी आणि 'डावे वळण मुक्त' ही सवलत वर्दळीच्या चौकांत बंद करावी.

नेदरलँड्सचे उदाहरण

'आपल्याकडे हे शक्य नाही' असा आक्षेप नेहमी घेतला जातो. नेदरलँड्स हा देश जन्मतःच सायकलप्रेमी होता, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारींचा पूर आला आणि सायकली मागे पडू लागल्या. १९७१ या एका वर्षात त्या चिमुकल्या देशात तीन हजारांहून अधिक लोक रस्ते अपघातांत मरण पावले. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. संतप्त पालक रस्त्यावर उतरले. 'बालहत्या थांबवा' अशा अर्थाचे नाव त्यांनी आपल्या चळवळीला दिले. १९७३ च्या तेलटंचाईने या मागणीला बळ मिळाले. डेल्फ्ट या नगरात निवासी गल्ल्यांची फेररचना होऊन मुलांचे खेळणे हा रस्त्याचा अधिकृत उपयोग मानला गेला. पुढील दशकांत सायकल मार्गांचे सलग जाळे विणले गेले. अलीकडच्या वर्षांत तेथील वार्षिक मृत्युसंख्या सहाशे-सातशेच्या आसपास असते.

तेथेही सर्व प्रश्न सुटलेले नाहीत. मृतांमध्ये सायकलस्वारांचे, विशेषतः वृद्धांचे, प्रमाण आजही मोठे आहे. परंतु आजची परिस्थिती ही नियती नसून निर्णयांचे फलित आहे आणि निर्णय बदलता येतात, एवढे त्या इतिहासातून निश्चित सिद्ध होते.

कायदा आणि धोरण

आपल्या देशातही धोरणाचा पाया घातला गेला आहे. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने वाहनांना नव्हे, तर माणसांना केंद्रस्थानी ठेवण्याची भूमिका घेतली. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पादचारी आणि यंत्रविरहित वाहने यांच्यासाठी नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारांना मिळाला. रस्त्याच्या सदोष रचनेमुळे मृत्यू अथवा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणा, सल्लागार किंवा कंत्राटदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही याच दुरुस्तीने झाली. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त पदपथाचा अधिकार हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. म्हणजे चांगला पदपथ ही महापालिकेची मेहेरबानी नसून नागरिकाचा हक्क आहे. हा हक्क प्रत्यक्षात उतरवायचा, तर प्रभागातील रस्त्यांच्या कामांची माहिती घेणे, आराखड्यावर सूचना देणे आणि नगरसेवकांकडे पाठपुरावा करणे, ही कामे आपल्यालाच करावी लागतील.

शाखा आणि ग्राहक

या विषयाचा बँकेशी काय संबंध, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोणत्याही शाखेत जाऊन पाहावे. निवृत्तिवेतन घेण्यासाठी येणारे अनेक ज्येष्ठ ग्राहक पायीच येतात. शाखेसमोरच्या पदपथावर दुचाकींची रांग उभी असेल, एटीएमच्या पायऱ्या पदपथावर आलेल्या असतील, जनित्र वाटेतच बसवलेले असेल, तर त्या ग्राहकाला रस्त्यावरून वळसा घालावा लागतो. त्याला धोक्यात घालणारे वाहन दुसऱ्या एखाद्या ग्राहकाचे किंवा कर्मचाऱ्याचेही असू शकते. 'दोन मिनिटांचेच काम आहे' असे म्हणून पदपथावर दुचाकी लावणाऱ्याने ही दोन मिनिटे कोणाच्या वाट्याला जातात, याचा विचार करावा. शाखा व्यवस्थापकांनी प्रवेशद्वारासमोरचा पदपथ मोकळा ठेवणे, शाखेच्या हद्दीत उताराचा मार्ग करणे आणि सायकली लावण्यासाठी स्टँड देणे, एवढे तरी सहज करता येईल. एक मोटार उभी करण्यास साधारण साडेबारा चौरस मीटर जागा लागते. तेवढ्यात दहा सायकली राहतात.

दुर्दैवाने अपघात घडलाच, तर आर्थिक संरक्षणाच्या काही तरतुदी प्रत्येकाला ठाऊक असाव्यात.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना : बचत खाते असलेल्या १८ ते ७० वर्षे वयाच्या व्यक्तीला वर्षाला केवळ २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाख रुपयांचे आणि अंशतः कायम अपंगत्वासाठी एक लाख रुपयांचे संरक्षण मिळते. पादचारी आणि सायकलस्वार यांनाही ते लागू आहे. हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो. मात्र त्या वेळी खात्यात शिल्लक हवी आणि वारसाची नोंद केलेली हवी.

त्रयस्थ पक्षाचा विमा : प्रत्येक मोटार वाहनास तो सक्तीचा आहे. वाहनाच्या धडकेने जखमी झालेला पादचारी किंवा मृताचे वारस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागू शकतात. अर्जास विलंब करू नये.

धडक देऊन पळालेले वाहन : वाहनाचा शोध लागला नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेनुसार मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये भरपाईची तरतूद आहे.

रोकडरहित उपचार : २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार मोटार वाहनाच्या अपघातातील जखमींना नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार मिळू शकतात. मदतीसाठी ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा. जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्या व्यक्तीला कायद्याचे संरक्षण आहे. त्यामुळे पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने कोणी पाठ फिरवू नये.

आपली स्वतःची दक्षता

रचना सुधारेपर्यंत, आणि सुधारल्यानंतरही, काही पथ्ये पाळणे हिताचे. पदपथ नसेल तेथे समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने उजव्या कडेने चालावे. संध्याकाळनंतर फिकट रंगाचे कपडे वापरावेत. रस्ता ओलांडताना भ्रमणध्वनी खिशात ठेवावा. सायकलला पुढे पांढरा दिवा, मागे लाल परावर्तक आणि दोन्ही चालू ब्रेक असावेत; शिरस्त्राण वापरावे. मोठ्या वाहनाच्या डाव्या बाजूने पुढे घुसण्याचा मोह टाळावा. आणि वाहन आपल्या हाती असेल, तेव्हा पांढऱ्या पट्ट्यांच्या अलीकडे थांबावे. पादचारी पट्ट्यांवर चालणाऱ्याला अग्रक्रम देणे हे सौजन्य नव्हे, तर २०१७ च्या वाहनचालन विनियमांनी घातलेले बंधन आहे.

एखाद्या शहराची प्रगती उड्डाणपुलांच्या संख्येवरून मोजण्याची आपल्याला सवय झाली आहे. त्याऐवजी आठ वर्षांचे मूल एकटे शाळेत जाऊ शकते काय आणि ऐंशी वर्षांच्या आजी कोणाचा हात न धरता समोरच्या दुकानात जाऊन येऊ शकतात काय, हे दोन प्रश्न विचारून पाहावेत. ज्या रस्त्यावर या दोघांना भय नाही, तो रस्ता इतर सर्वांनाही सुरक्षित असतो. तसा एक रस्ता आपल्या शाखेसमोर, आपल्या घरासमोर तयार व्हावा, यासाठी आपण सर्वांनी आपापला वाटा उचलू या.